पोटांतील जंत व रक्तांतील पांढऱ्या पेशी

आपल्या मासिकांत पिकांवरील किडींविषयीं वेळोवेळीं लेख येत असतात. कीड कोठून येते, ती पानांत शिरते कीं मुळांत, तिच्यावर कोणता उपाय करावा, हें आपण बारकाईनें वाचतों व त्याप्रमाणें वागतों. परंतु पीक काढणाऱ्या माणसाच्या पोटांत जी कीड राहते, तिचा विचार आपण क्वचितच करतों. ती कीड म्हणजे जंत. तिच्याशीं आपलें शरीर रात्रंदिवस झगडत असतें, त्या झगड्याची नोंद रक्तांत उमटते, आणि ती नोंद ज्याला वाचतां येते त्याचे पुढचे पुष्कळ हाल वांचतात. मला स्वतःला ती वेळेवर वाचतां आली नाहीं. म्हणूनच हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालों आहें.

मी वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला एक साधा गृहस्थ आहें. माझे धाकटे बंधु आमची वडिलोपार्जित भातशेती पाहतात. दोन वर्षांपूर्वीं लावणी आटोपल्यावर त्यांस थकवा येऊं लागला. ‘दादा, अलीकडे नुसता बांध चढलों तरी धाप लागते,’ असें ते म्हणाले. आतां वय झालें, असें म्हणून मीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें खोकला व अंगाला खाज सुरू झाली, तेव्हां एका ठिकाणीं रक्त तपासलें. कागदावर हिमोग्लोबिन 8.1, एकूण पांढऱ्या पेशी 9,200 आणि ‘इओसिनोफिल’ या शब्दापुढें 18 टक्के असे आंकडे होते. तेथें ॲलर्जी आहे असें सांगून गोळ्या देण्यांत आल्या. मीं तो कागद व्यवस्थित घडी घालून ठेवून दिला. आठ महिने तो तसाच राहिला, आणि बंधूंचें बळ दिवसेंदिवस खालावत गेलें. ज्याचें सारें आयुष्य दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यांत गेलें, त्यानें घरच्या माणसाची नोंद न वाचतां दप्तरदाखल केली, याची खंत मला अद्याप आहे. अखेर तालुक्याच्या गांवीं एका वृद्ध डॉक्टरांनीं तोच कागद पाहिला आणि ताबडतोब शौचाची तपासणी करविली. त्यांत अंकुशकृमीचीं अंडीं सांपडलीं. त्या डॉक्टरांनीं जें समजावून सांगितलें व त्यानंतर पुस्तकांतून जें वाचलें, तें येथें क्रमानें मांडीत आहें.

पांढऱ्या पेशी म्हणजे काय

रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां त्यांत असंख्य तांबड्या पेशी व त्यांच्या मानानें फारच थोड्या पांढऱ्या पेशी दिसतात. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरांत तांबड्या पेशी सुमारें 45 ते 50 लक्ष, तर पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000 असतात. तांबड्या पेशींचें काम प्राणवायु वाहून नेण्याचें. पांढऱ्यांचें काम राखणीचें.

या राखणदारांत निरनिराळ्या जाती आहेत. सर्वांत जास्त संख्या न्यूट्रोफिल पेशींची; जखमेंत पू होतो तो बव्हंशीं ह्याच मेलेल्या पेशींचा. त्यांच्या खालोखाल लिंफोसाइट. शत्रूची ओळख ठेवणें व इतरांस हुकूम पोंचविणें हें त्यांचें काम. मोनोसाइट व बेसोफिल या आणखी दोन जाती. आणि आपल्या विषयाची मुख्य पेशी ती इओसिनोफिल. एरव्हीं हिचें प्रमाण शंभर पांढऱ्या पेशींत एक ते सहा एवढेंच असतें. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनीं 1879 सालीं रक्ताच्या पेशींवर निरनिराळे रंग चढवून पाहिले. तेव्हां इओसिन नांवाचा तांबूस रंग शोषून घेणारे दाणे ज्या पेशींत दिसले, त्यांना हें नांव मिळालें. हे दाणे म्हणजेच त्या पेशीचा दारूगोळा होय.

पांढऱ्या पेशी शत्रूला गिळतात, हें दाखविण्याचें श्रेय रशियन शास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह यांस आहे. 1882 सालीं इटलींतील मेसिना येथें त्यांनीं तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगांत बारीक कांटा टोंचला. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्याभोंवतीं हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला. परकी वस्तु घेरून गिळून टाकणें हा या पेशींचा धर्म आहे, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. 1908 सालचें नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह व एर्लिक या दोघांना मिळून देण्यांत आलें.

आतां एक भेद नीट ध्यानांत ठेवावा. जंतु निराळा आणि जंत निराळा. पू करणारा जंतु पेशीहून पुष्कळ लहान असतो. त्याला गिळतां येतें. जंताची गोष्ट तशी नाहीं. इओसिनोफिल पेशी मिलिमीटरच्या सुमारें ऐंशीव्या भागाएवढी. अंकुशकृमीची कातडींत शिरणारी अळी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् मोठी, आणि आंतड्यांत वाढलेला कृमि सुमारें एक सेंटिमीटर लांब. म्हणजे अळी पेशीच्या चाळीस-पन्नास पट आणि पुरा वाढलेला कृमि सुमारें आठशें पट लांब. मुंगीपुढें अजगर यावा, तसा हा सामना आहे. गिळणें अशक्य, म्हणून शरीराला दुसरी युक्ति करावी लागते.

अंकुशकृमीचा प्रवास

ती युक्ति कळण्यासाठीं शत्रूचा मार्ग ठाऊक पाहिजे. 1838 सालीं मिलान शहरीं अँजेलो दुबिनी या वैद्यांनीं एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनांत हा कृमि पाहिला. पुढें 1880 सालीं आल्प्स पर्वतांत सेंट गॉटहार्डचा बोगदा खणणाऱ्या मजुरांत पांडुरोगाची मोठी सांथ उठली. तिचें मूळही हाच कृमि ठरला. बोगद्यांत ऊब, ओल आणि तेथेंच होणारी घाण अशी सर्व सामग्री एकत्र होती. तरी पण कृमि अंगांत शिरतो कोणत्या वाटेनें, हें कोणास ठाऊक नव्हतें. तें कळलें एका अपघातानें. कैरो येथें आर्थर लूस हे शास्त्रज्ञ काम करीत असतां अळ्यांचें पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलें. त्या जागीं आग होऊन खाज सुटली आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांच्याच शौचांत कृमीचीं अंडीं सांपडलीं. 1898 सालीं त्यांनीं ही गोष्ट प्रसिद्ध केली.

प्रवास असा आहे. रोगी मनुष्य बहिर्दिशेस उघड्यावर बसला म्हणजे मळाबरोबर अंडीं जमिनीवर पडतात. ओलसर, उबदार व सावलीच्या मातींत एक-दोन दिवसांत अंड्यांतून अळी निघते. आणखी पांच ते दहा दिवसांत ती कातडींत शिरण्याजोगी होते व अनुकूल मातींत तीन-चार आठवडे वाट पाहूं शकते. अनवाणी पाय पडला कीं बोटांच्या बेचक्यांतून ती आंत शिरते. तेथून रक्तावाटे फुफ्फुसांत, फुफ्फुसांतून श्वासनलिकेवाटे घशांत, आणि घशांतून गिळली जाऊन लहान आंतड्यांत, अशी ती उतरते. तेथें ती वाढते, आंतड्याच्या अस्तराला तोंडानें घट्ट पकडते आणि रक्त पिऊं लागते. कातडींत शिरल्यापासून शौचांत अंडीं दिसेपर्यंत पांच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जातो. नेकेटर जातीची एक मादी दररोज पांच ते दहा हजार अंडीं घालते व तीन ते पांच वर्षें जगूं शकते.

झुंज कशी होते

अळी कातडींत शिरतांच तेथील राखणदार पेशी हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतात. त्यामुळें खाज सुटते व पुरळ उठतें. पावसाळ्यांत पायांस सुटणारी प्रत्येक खाज चिखल्यांचीच असते असें नव्हे. ही पहिली वर्दी होय.

वर्दी मिळाल्यावर लिंफोसाइट पेशींची एक तुकडी दोन हुकूम काढते. पहिला हुकूम हाडांतील मगजाकडे जातो. इंटरल्यूकिन-5 नांवाचें द्रव्य हेंच तें आज्ञापत्र. तें पोंचतांच इओसिनोफिल पेशींची भरती वाढते. दुसऱ्या हुकुमानें आयजीई नांवाचीं प्रतिद्रव्यें तयार होतात. हीं प्रतिद्रव्यें किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें 1966 सालीं शोधून काढलीं. आयजीई व तिच्या जोडीचीं इतर प्रतिद्रव्यें शत्रूला चिकटून बसतात. झाड तोडण्यापूर्वीं त्यावर खूण करतात, तसाच हा प्रकार आहे. खूण पटली म्हणजे इओसिनोफिल पेशी अळीला चहूंकडून चिकटतात, आपले दाणे तिच्या अंगावर ओततात आणि त्यांतील जहाल द्रव्यांनीं तिचें आवरण पोंखरतात. गिळतां येत नाहीं, म्हणून घेरून जाळणें, ही ती दुसरी युक्ति.

1975 सालीं अँथनी बटरवर्थ व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोगशाळेंत हें दाखवून दिलें. त्यांनीं घेतलेला कृमि अंकुशकृमि नव्हता; शिस्टोसोम नांवाचा, रक्तवाहिन्यांत राहणारा होता. त्याच्या कोवळ्या अळ्यांना प्रतिद्रव्यें चिकटलीं असतां मानवी इओसिनोफिल पेशींनीं त्यांस इजा केली.

अळ्या फुफ्फुसांतून जात असतां तेथेंही इओसिनोफिल जमतात. त्या वेळीं कोरडा खोकला येतो व छाती घरघरते. माझ्या बंधूंचा खोकला याच जातीचा असावा, असें डॉक्टरांचें मत पडलें. आंतड्यांत मात्र लढण्याची रीत पालटते. तेथें अस्तरांतून बुळबुळीत स्राव अधिक सुटतो, पाणी सुटतें, आंतड्याच्या हालचाली वाढतात आणि शत्रूला धुऊन बाहेर लोटण्याचा यत्न होतो.

झुंज अपुरी कां पडते

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, एवढी शिबंदी असतां औषधाची गरज काय? हाच तो भ्रम, ज्यापासून वाचकांस सावध करणें हा या लेखाचा हेतु आहे. इओसिनोफिल पेशी वाढणें म्हणजे लढाई चालू असणें. लढाई जिंकणें नव्हे.

याचीं कारणें तीन. पहिलें, पेशींचा जोर कोवळ्या अळीवर चालतो. जाड आवरणाच्या पुऱ्या वाढलेल्या कृमीवर फारसा चालत नाहीं. दुसरें, तो कृमि आंतड्याच्या पोकळींत राहतो, आणि पेशींची खरी सत्ता मांसांत व रक्तांत. तिसरें, कृमि स्वस्थ बसत नाहीं. तो आपल्या लाळेंतून नाना द्रव्यें सोडून राखणदारांस बधिर करतो. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या स्रावांत न्यूट्रोफिल पेशींस अटकाव करणारें असें एक द्रव्य 1994 सालीं ओळखण्यांत आलें.

अलीकडच्या संशोधनानें तर आणखी नवल उघडकीस आणलें आहे. ज्यांच्या अंगांत इओसिनोफिल पेशी मुळींच नाहींत असे उंदीर शास्त्रज्ञांनीं निपजविले. ट्रायकिनेला नांवाच्या कृमीच्या अळ्या स्नायूंत घर करून राहतात; या उंदरांत त्या जगण्याऐवजीं उलट जास्त मेल्या. म्हणजे त्या ठिकाणीं इओसिनोफिलांची हजेरी कृमीच्याच पथ्यावर पडत होती! राखणदार आणि चोर यांच्यांत पुष्कळदां मूक तडजोड होते, असेंच म्हणावें लागतें. शिवाय लढाई लांबली तर तिच्या दारूगोळ्यानें स्वतःचेंच शरीर होरपळतें. दीर्घकाळ फार वाढलेल्या इओसिनोफिलांमुळें फुफ्फुसें व हृदय यांस इजा होऊं शकते.

आपणां शेतकऱ्यांच्या दृष्टीनें एक गोष्ट फार महत्त्वाची. मोठे गोल जंत मुलांच्या पोटांत सर्वांत जास्त आढळतात व वयाबरोबर कमी होत जातात. अंकुशकृमीचें तसें नाहीं. एकदां होऊन गेल्यानें त्याविरुद्ध पुरेशी शक्ति येत नाहीं. प्रौढपणींही त्याचा भार चढताच राहतो. तेव्हां ‘जंत पोरांना होतात’ ही आपली समजूत येथें घात करते.

नुकसानीचा हिशोब मांडून पाहूं. नेकेटर जातीचा एक कृमि दिवसाकाठीं सुमारें 0.03 मिलिलिटर रक्त नाहींसें करतो. अँकिलोस्टोमा जातीचा त्याच्या सुमारें पांचपट, म्हणजे 0.15 मिलिलिटर. शंभर कृमि धरले तर पहिल्या जातीकडून महिन्यास 90 व दुसरीकडून 450 मिलिलिटर रक्ताची वजावट होते. रक्ताबरोबर लोह जातें. आहारांतील लोहाची भरपाई या वजावटीस पुरी पडत नाहीं, आणि खातें दरमहा तुटींत जातें. धाप लागते ती या तुटीमुळें.

तपासणीचा कागद कसा वाचावा

पहिली गोष्ट, नुसते टक्के पाहून थांबूं नये. एकूण पांढऱ्या पेशींना इओसिनोफिलच्या टक्क्यांनीं गुणून शंभरानें भागावें. माझ्या बंधूंच्या बाबतींत 9,200 गुणिले 18, भागिले 100, म्हणजे 1,656. हा आंकडा सामान्यतः 500 च्या आंत असावा लागतो. म्हणजे तो मर्यादेच्या तिपटीहून अधिक होता, आणि शेजारींच हिमोग्लोबिन घसरलेलें होतें. वाढलेले इओसिनोफिल आणि घटलेलें हिमोग्लोबिन हीं दोन्ही ओलींत अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या कागदावर एकत्र दिसलीं, तर शौचाची तपासणी केल्याविना राहूं नये.

दुसरी गोष्ट, हा आंकडा पुरावा नव्हे, सुगावा आहे. दमा, ॲलर्जी, एखाद्या औषधाचें वावडें, यांतही तो वाढतो. ज्या मुलखांत हत्तीपायाचा रोग आहे, जसें आपल्याकडे विदर्भाचा कांहीं भाग, तेथें त्या रोगाच्या कृमीमुळें रात्रींचा खोकला व 3,000 च्याही वर गेलेले इओसिनोफिल, असा प्रकार आढळतो. म्हणून निर्णय डॉक्टरांवर सोंपवावा. परंतु प्रश्न आपण विचारावा.

तिसरी, आंकडा बरोबर आहे म्हणून जंत नाहींत असें समजूं नये. अळ्यांचा प्रवास संपून कृमि आंतड्यांत स्थिरावले म्हणजे इओसिनोफिल पुष्कळदां खालीं येतात; रक्त मात्र जातच राहतें. एका तपासणींत अंडीं न दिसल्यास पुनः एक-दोन वेळां करवावी.

चौथी गोष्ट जिवावरची आहे. खाज किंवा दमा यांसाठीं स्टेरॉइड जातीच्या गोळ्या वा इंजेक्शनें मनानें घेऊं नयेत. त्यांनीं इओसिनोफिल झपाट्यानें कमी होतात, कागद स्वच्छ दिसतो व रोग्यास बरें वाटतें. परंतु स्ट्राँगिलॉइड नांवाचा दुसरा एक मातींतून शिरणारा कृमि आंत असेल, तर राखण उठतांच तो अंगभर पसरून प्राणावर बेततें.

उपाय

औषध सोपें आहे. अल्बेंडाझोलच्या 400 मिलिग्रॅमच्या एका मात्रेनें पुष्कळांचे अंकुशकृमि पडतात. सर्वांचे पडतातच असें नाहीं, म्हणून पुन्हा तपासणी हवी. गरोदर स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घेऊं नये. रक्त उतरलेलें असल्यास लोहाच्या गोळ्या कांहीं महिने घ्याव्या लागतात. आपल्या देशांत 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. सामान्यतः 10 फेब्रुवारी व 10 ऑगस्ट या दिवशीं 1 ते 19 वर्षांच्या मुलांमुलींस हें औषध फुकट मिळतें. मुलांना त्या दिवशीं अवश्य पाठवावें. परंतु शेतांत उभा राहणारा मनुष्य या योजनेंत येत नाहीं. त्यानें आपली काळजी आपण घेतली पाहिजे.

औषधानें कृमि पडले तरी माती तीच राहिली तर वर्षाच्या आंत अनेकांस ते पुन्हा होतात. म्हणून मातीचा बंदोबस्त हाच मुख्य उपाय. घरच्या सर्व मंडळींनीं व शेतावरच्या मजुरांनींही संडासाचाच उपयोग करावा. बांधाआड, आंबराईंत वा गवतांत बसूं नये. सावलीची ओली जागा अळीला फारच मानवते. सोनखत कच्चें कधींही शेतांत टाकूं नये. भरलेला खड्डा निदान एक वर्ष बंद ठेवावा. वाफ्यांत, गोठ्यांत व परसांत वहाणा घालाव्या. चिखलाच्या कामीं शक्य तेथें गमबूट वापरावे. भाजीपाला धुऊन घ्यावा, कारण अँकिलोस्टोमाची अळी तोंडावाटेंही शिरते.

मेंढरांविषयीं दोन शब्द

हीच कथा आपल्या मेंढरांची आहे. त्यांच्या जठरांत हीमाँकस नांवाचा रक्तपित्या जंत राहतो. एक जंत दिवसास सुमारें 0.05 मिलिलिटर रक्त खातो. मेंढरांतही इओसिनोफिल व प्रतिद्रव्यें लढतात. परंतु कोंकरांत ही शक्ति कोंवळी असते, आणि मेंढी विते त्या सुमारास ती ओसरते. म्हणून या दोघांकडे अधिक लक्ष द्यावें. ही शक्ति कांहीं अंशीं वंशपरंपरेनें येते. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गारोल जातीशीं दख्खनी मेंढीचा संकर केला, तेव्हां संकरित कोंकरांच्या लेंड्यांत जंतांचीं अंडीं कमी आढळलीं. औषध मात्र वजनाप्रमाणें पुरतें द्यावें. अपुऱ्या मात्रेनें जंत मरण्याऐवजीं निर्ढावतात.

समारोप

माझे बंधु औषध व लोह घेऊन चार महिन्यांत सावरले. यंदाच्या लावणीस ते स्वतः उभे होते, पायांत गमबूट घालून. प्रथम गडी हंसले. आतां त्यांतील दोघांनीं तसेच बूट घेतले आहेत. तो जुना कागद मीं टाकून दिला नाहीं. पुढच्या कागदावर इओसिनोफिल 4 टक्के व हिमोग्लोबिन 12.6 आलें, दोन्ही कागद एकाच फायलींत लावून ठेवले आहेत.

वाचकांस एवढीच विनंति कीं, घरांत कोणाचा रक्ताचा कागद असेल तर तो आजच काढून पाहावा. आपल्या रक्तांतील राखणदार आपलें काम इमानानें करीत असतात, परंतु त्यांच्यानें सर्वच निभत नाहीं. त्यांनीं दिलेली वर्दी वाचणें आणि शत्रूची वाट मातींतच बंद करणें, हें आपलें काम आहे. इत्यलम्.